पार्टटाइम नोकरी की टेक्निकल इंटर्नशिप? निवड करण्याआधी हा हिशेब मांडा

डिप्लोमा, आयटीआय किंवा पदवीला शिकणाऱ्या आपल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींसमोर दर वर्षी एक प्रश्न उभा राहतो. एका बाजूला हाताशी असलेले काम असते. मेडिकल दुकानात संध्याकाळची पाळी, फूड डिलिव्हरी, लग्नसराईत केटरिंग, कॉल सेंटर, लहान मुलांच्या शिकवण्या. महिन्याच्या शेवटी पैसे मिळतात, त्यातून मेसचे बिल भरते, घरीही थोडे जातात. दुसऱ्या बाजूला कॉलेजातले सर सांगत असतात की इंटर्नशिप केली नाही तर प्लेसमेंटच्या वेळी कोणी विचारणार नाही. पण इंटर्नशिपला अनेकदा मानधन नसते, आणि असले तरी खोलीभाडे सुटत नाही.

वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत काम करताना हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. "दोन्ही चांगलेच आहे, जमेल ते करा" हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण त्याने निर्णय होत नाही. ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली आहे, तिथे चुकीच्या निवडीची किंमत मोठी असते. एखादा विषय राहिला, हजेरी कमी पडली किंवा शिष्यवृत्ती अडकली, तर सावरायला मागे फारसे कोणी नसते.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. कोणतेही काम स्वीकारताना त्यातून तीन गोष्टींपैकी काय मिळणार, ते बघा: पैसा, पुरावा आणि ओळख. पैसा म्हणजे आजचा खर्च भागवणारी रक्कम. पुरावा म्हणजे उद्या मुलाखतीत दाखवता येईल असे काम, प्रमाणपत्र किंवा कौशल्य. ओळख म्हणजे त्या क्षेत्रातली अशी माणसे, जी पुढे जागा निघाल्यावर कळवतील किंवा तुमच्याबद्दल दोन शब्द सांगतील. पार्टटाइम नोकरीत बहुतेक वेळा पहिली गोष्ट मिळते, चांगल्या इंटर्नशिपमध्ये दुसरी आणि तिसरी. तिन्ही एकत्र देणारे मार्गही आहेत, पण त्यांची माहिती आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते.

पार्टटाइम कामाचे खरे मोल

पार्टटाइम नोकरीला कमी लेखण्याची गरज नाही. महाराष्ट्रात 'कमवा आणि शिका' ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि अंगमेहनत करून शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवण्याची सोय केली. काम करत शिकणे ही आपल्याकडे लाजेची गोष्ट कधीच नव्हती.

अशा कामातून वेळ पाळणे, अनोळखी माणसाशी बोलणे, रागावलेल्या ग्राहकाला शांत करणे, पैशांचा हिशेब ठेवणे हे शिकायला मिळते. मुलाखतीत गप्प बसणारी मुले दुकानात सहा महिने काम केल्यावर बोलकी झालेली आम्ही पाहिली आहेत.

पण मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली, शिकण्याचा वेग लवकर मंदावतो. काउंटरवरचे काम दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडते, त्यानंतर तुम्ही फक्त तास विकत असता. दुसरी, कागद मिळत नाही. डिलिव्हरीच्या अॅपवर काम करणारा कंपनीच्या लेखी कर्मचारी नसून 'पार्टनर' असतो, त्यामुळे नेहमीसारखे अनुभवपत्र हाती येत नाही. लहान दुकानदारही सहसा काही लिहून देत नाही. तिसरी, तास वाढत जातात. सुरुवातीला चार तासांचे ठरलेले काम सणासुदीला आठ तासांवर जाते आणि सकाळचे लेक्चर बुडते.

किती तास काम करावे? अमेरिकेत शिकता शिकता काम करणाऱ्या विद्यार्थ्यांवर बरेच संशोधन झाले आहे. त्यातला ढोबळ निष्कर्ष असा, की आठवड्याला १५-२० तासांपर्यंतच्या कामाने अभ्यासाचे फारसे नुकसान होत नाही, २० तासांच्या पुढे मात्र गुण घसरू लागतात. आपल्याकडे प्रवासात जाणारा वेळ त्यात धरला, तर मर्यादा आणखी खाली आणावी लागेल. दिवसाला तीन तास आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, एवढे गणित सांभाळा.

इंटर्नशिप आपल्यासाठी जास्त महत्त्वाची का?

इंटर्नशिपचा उघड फायदा कौशल्याचा. सीएनसी मशीनवर प्रत्यक्ष जॉब लावणे, साइटवर लेव्हल घेणे, सर्किटमधला दोष शोधणे, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये चूक शोधून ती दुरुस्त करणे, हे वर्गात पूर्ण शिकवता येत नाही. पण आपल्या मुलांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते समाजशास्त्रात चांगले अभ्यासले गेले आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या एका प्रसिद्ध लेखात दाखवले, की नोकरीची माहिती जवळच्या नातेवाइकांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. कारण साधे आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. ज्या कुटुंबात काका इंजिनिअर, मामा बँकेत आणि शेजारी कंपनीत एचआर आहे, तिथल्या मुलाला अशा ओळखी जन्मतः मिळतात. मजूर, सफाई कामगार किंवा अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलाला त्या नव्याने तयार कराव्या लागतात. दोन महिन्यांची इंटर्नशिप ही त्यासाठीची पहिली जागा असते.

दुसरा अभ्यास आपल्या देशातला. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक फक्त आडनावात होता. दलित आडनावाच्या अर्जांना पुढच्या टप्प्यात जाण्याची संधी कमी मिळाली. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या विद्यापीठांमधल्या विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या वाटचालीचा अभ्यास केला. मुलाखतीत विचारला जाणारा 'कौटुंबिक पार्श्वभूमी'चा साधा वाटणारा प्रश्न दलित विद्यार्थ्यांसाठी कसा अडसर ठरतो, हे त्यांनी मांडले.

याचा अर्थ इंटर्नशिप केली की भेदभाव संपतो असा नाही. पण नुसत्या कागदी अर्जापेक्षा ज्या कंपनीने तुमचे काम डोळ्यांनी पाहिले आहे, तिथे तुमच्याबद्दलचे मत आडनावावर कमी आणि कामावर जास्त ठरते. म्हणून ज्यांच्याकडे ओळखी नाहीत, त्यांनाच इंटर्नशिपची गरज सर्वात जास्त असते. आणि अडचण अशी, की पैशाअभावी तीच मुले ती सोडून देतात.

बिनपगारी इंटर्नशिपचा खर्च

समजा, नांदेडचा एक डिप्लोमाचा विद्यार्थी उन्हाळ्यात पुण्यात दोन महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप करतो. कॉट बेसिसवर राहणे ३,००० रुपये, मेस ३,०००, बस आणि फोन १,०००. महिन्याला ७,००० म्हणजे दोन महिन्यांचे १४,००० रुपये झाले. त्याच काळात तो गावाकडे काम करून महिन्याला ८,००० मिळवू शकला असता, ते १६,००० बुडाले. म्हणजे कंपनीच्या भाषेत 'फ्री' असलेल्या या इंटर्नशिपची त्याच्या घराला बसलेली किंमत ३०,००० रुपये आहे. आकडे शहरानुसार बदलतील, तुम्ही तुमचे घाला.

हा हिशेब मांडल्यावर बिनपगारी इंटर्नशिप कधी करावी, हे ठरवता येते. काम तुमच्या शाखेशी थेट जोडलेले आहे, शिकवणारा माणूस ठरलेला आहे, कालावधी दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि शक्यतो राहत्या गावातून जाता येते, तर विचार करा. सहा महिने फुकट काम आणि शेवटी 'बघू' असे उत्तर असेल, तर ती इंटर्नशिप नाही, ती वेठ आहे.

आधी शिष्यवृत्ती आणि स्वाधारच्या अटी वाचा

नोकरी धरण्याआधी हक्काचे पैसे मिळत आहेत का, ते तपासा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते, त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, म्हणजे महिन्याला सुमारे ५,००० पडते. अनेक पार्टटाइम कामांतून खर्च वजा जाता एवढेच हातात राहते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट अनेकांना माहीत नसते. स्वाधारचा लाभ घेणारा विद्यार्थी नोकरी किंवा व्यवसाय करत असल्याचे आढळले, तर लाभ थांबून दिलेली रक्कम व्याजासह वसूल करण्याची तरतूद योजनेत आहे. त्यामुळे स्वाधार घेत असाल तर कोणतेही काम धरण्याआधी शासन निर्णय स्वतः वाचा आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. अभ्यासक्रमाचा भाग असलेली इंटर्नशिप आणि बाहेरची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून इंटर्नशिपला जाताना कॉलेजचे पत्र जवळ ठेवा.

दुसरी अट हजेरीची. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. कामामुळे हजेरी गेली, तर परीक्षेचा अर्ज आणि शिष्यवृत्ती दोन्ही अडचणीत येतात. महिन्याला मिळवलेले पाच-सहा हजार आणि बुडालेली वर्षभराची फी यांची तुलना करून बघा.

शिष्यवृत्तीचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच खात्यात पडतील असे मात्र धरून चालू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते.

पगारासह शिकण्याचा मार्ग : अप्रेंटिसशिप

पैसा, पुरावा आणि ओळख या तिन्ही गोष्टी एकत्र देणारा मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप, आपल्या बोलीत शिकाऊ उमेदवारी. इंटर्नशिपसाठी स्वतंत्र कायदा नाही, अप्रेंटिसशिपला मात्र अप्रेंटिसेस अॅक्ट, १९६१ चा आधार आहे. त्यातल्या या गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असाव्यात.

- ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.
- २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवून दिले. दहावी पास ६,०००, बारावी पास आणि आयटीआय ७,०००, डिप्लोमाधारक ८,००० आणि पदवीधर ९,००० रुपये महिना. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. अर्ज करताना चालू दर पोर्टलवर पाहून घ्या.
- कायद्याच्या कलम ३-अ नुसार अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवायच्या असतात, आणि हे खासगी कंपनीलाही लागू आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असे आपण नेहमी म्हणतो, पण शिकाऊ उमेदवारीपुरते ते कायद्यात आहे. त्याची मागणी मात्र फारशी कोणी करत नाही.
- प्रशिक्षणात अपघात झाला, तर नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे.
- करार नोंदवलेला असतो आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते.

आयटीआय आणि इतर ट्रेडसाठी २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना म्हणजे 'नॅप्स' आहे. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी 'नॅट्स' आहे. तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकारचा असतो आणि आपल्या विभागाचे काम मुंबईच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगकडून चालते. दोन्ही पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वे आणि संरक्षण कारखाने यांच्याही जागा नियमित निघतात. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी असतात. बाकी ठिकाणी प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन सहसा नसते, हेही लक्षात ठेवा.

दोन सूचना. पदवी किंवा डिप्लोमानंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त नोकरीचा अनुभव असेल, तर अनेक जाहिरातींत शिकाऊ उमेदवारीसाठी अपात्र ठरवले जाते. म्हणजे पास झाल्यावर मिळेल ती नोकरी वर्षभर केली, की हा दरवाजा बंद होऊ शकतो. आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीपासून लागू आहेत, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही, आधीच काढून ठेवा.

सरकारी इंटर्नशिप योजना कोणासाठी?

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. सुरुवातीच्या नियमांनुसार २१ ते २४ वयाच्या उमेदवाराला मोठ्या कंपनीत १२ महिने, दरमहा ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये मिळतात. पण पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी करणारे त्यात बसत नाहीत. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. तिच्यात बारावी पासला ६,०००, आयटीआय व डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. तीही शिक्षण सुरू असलेल्यांसाठी नाही. म्हणजे या दोन्ही योजना शिक्षण संपल्यानंतरच्या आहेत. शिकत असताना त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांच्यात जाऊ तर मुळीच नका.

तुमच्या शाखेनुसार

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा : एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमापासून इंटर्नशिपला श्रेयांक आहेत. ती करायचीच आहे, तर कुठल्या तरी ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणून वेळ मारून नेऊ नका. चाकण, वाळूज, बुटीबोरी, सातपूर, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतले लहान कारखाने मोठ्या कंपन्यांपेक्षा लवकर दार उघडतात, आणि तिथे हात लावून काम करायला मिळते.

कला, वाणिज्य, विज्ञान : यूजीसीच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांनी चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची इंटर्नशिप करायची आहे. आपल्या विद्यापीठांत ती ऑन जॉब ट्रेनिंग किंवा ओजेटी या नावानेही ओळखली जाते. एवढे तास रोज तीन-चार तास काढून महिन्या-दीड महिन्यात पूर्ण होतात, त्यासाठी गाव सोडावे लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कापड दुकानात काउंटर सांभाळण्यापेक्षा कर सल्लागाराच्या कार्यालयात टॅली आणि जीएसटीचे काम करावे. पैसे थोडे कमी मिळाले तरी पुरावा तयार होतो.

सीए : आर्टिकलशिप सक्तीची आहे, नव्या योजनेत तिचा काळ दोन वर्षांचा आहे आणि विद्यावेतन मिळते.

विधी : बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते.

एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारे : या परीक्षांत दोन्हींपैकी कशाचेही गुण नाहीत. पण तयारीला दोन-तीन वर्षे गेली आणि निवड झाली नाही, तर बायोडाटा कोरा राहतो. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत एक तरी शाखेशी जोडलेले काम करून ठेवा.

फसवणूक कशी ओळखावी?

इंटर्नशिपची गरज वाढली, तसा तिचा बाजारही वाढला. पैसे भरून प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन 'इंटर्नशिप' आता गल्लोगल्ली आहेत. आम्ही विद्यार्थ्यांना पुढचे प्रश्न विचारायला सांगतो.

१. नोंदणी, किट किंवा प्रमाणपत्रासाठी पैसे मागतात का? मागत असतील, तर ती इंटर्नशिप नसून क्लास आहे. क्लास म्हणून त्याची किंमत रास्त आहे का, एवढेच बघा.
२. माझ्या कामावर देखरेख कोण करणार? त्या माणसाचे नाव आणि पद सांगता येत नसेल, तर थांबा.
३. दोन महिन्यांनंतर मी काय दाखवू शकेन? ड्रॉइंग, अहवाल, कोड, मोजमापे, काहीतरी ठोस हवे.
४. कामाचे तास, कालावधी आणि विद्यावेतन लेखी देणार का?
५. मूळ प्रमाणपत्रे जमा करायला सांगतात का? ती कोणालाही देऊ नका, छायांकित प्रती द्या.

मुलींनी हेही लक्षात ठेवावे, की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात. "तू कायम नोकरीत नाहीस, तक्रार कशी करणार?" असे कोणी म्हणाले, तर ते खोटे आहे. जातीवरून अपमान झाला, तर अॅट्रॉसिटी कायदा कंपनीच्या गेटपाशी थांबत नाही.

पार्टटाइम कामालाही पुरावा कसा बनवावा?

अनेकांना पार्टटाइम कामाशिवाय पर्याय नसतो. त्यांनी ते लपवू नये, नीट लिहावे. 'मेडिकल दुकानात काम' एवढेच लिहून समोरच्याला काही कळत नाही. 'शिक्षण चालू असताना दोन वर्षे रोज तीन तास, औषधांचा साठा आणि मुदत तपासणे, बिलिंग सॉफ्टवेअर, रोख हिशेब' असे लिहिले, की जबाबदारी दिसते. मालकाकडून त्याच्या लेटरहेडवर चार ओळींचे अनुभवपत्र मागून घ्या. काम चांगले केले असेल, तर बहुतेक जण देतात.

शक्य असेल तिथे काम आपल्या शाखेच्या जवळ सरकवत न्या. फार्मसीचा विद्यार्थी औषध दुकानात, इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, कॉम्प्युटरचा विद्यार्थी दुरुस्ती केंद्रात, बीएडची तयारी करणारी मुलगी शिकवणीत. तास तेवढेच, पण दोन वर्षांनी हातात राहणारी गोष्ट वेगळी.

वर्षानुसार आराखडा

पहिले वर्ष : शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा स्वाधार यांचे अर्ज वेळेत भरा. काम करावेच लागले, तर आठवड्याला १५ तासांच्या आत.

दुसरे वर्ष : शाखेजवळचे काम शोधा. कॉलेजच्या वेळेबाहेर एक कौशल्य पक्के करा. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी जानेवारीपासून अर्ज सुरू करा, मे महिन्यात शोधायला निघालात तर जागा भरलेल्या असतात. एआयसीटीईचे इंटर्नशिप पोर्टल मोफत आहे.

शेवटचे वर्ष : पार्टटाइम काम कमी करा. एक पूर्ण, गंभीर इंटर्नशिप आणि त्यातून तयार झालेला प्रकल्प हातात ठेवा. निकालाआधीच नॅप्स किंवा नॅट्सची माहिती, केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि बँक खात्याला आधार जोडणी पूर्ण करा.

कार्यकर्त्यांसाठी

हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्यावर सोडला, तर उत्तर ठरलेले आहे. ज्याच्या घरी पैसा आहे तो इंटर्नशिप करेल आणि ज्याच्या घरी नाही तो डिलिव्हरी करेल. पाच वर्षांनी दोघांच्या पगारातला फरक पाहून लोक त्याला 'गुणवत्ता' म्हणतील.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा खर्चाच्या बाजूने विचार करून बघा. १९१३ मध्ये ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. अपुरे राहिलेले लंडनचे शिक्षण पूर्ण करायला १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, असे सगळे जमवावे लागले. त्यांनी नोकरी केली, पण ती शिक्षणाकडे परत जाण्यासाठी. आणि वेळेवर मदत करणारी माणसे होती.

आज आपल्या मंडळांना, विहार समित्यांना आणि नोकरदारांच्या संघटनांना तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, जयंतीच्या वर्गणीतला काही भाग दर वर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या राहण्या-जेवणासाठी बाजूला काढणे. वर मांडलेल्या हिशेबात एका विद्यार्थ्याचा तो खर्च १४,००० रुपये आला होता. दुसरी, कंपन्यांत, महावितरणमध्ये, रेल्वेत, बँकेत काम करणाऱ्या आपल्या माणसांची यादी करून अभ्यासिकेत लावणे आणि त्यांना वर्षातून एक विद्यार्थी आपल्या कार्यालयात नेण्याची विनंती करणे. ज्या ओळखी इतरांना घरातून मिळतात, त्या समाजाने मिळून द्यायच्या आहेत. तिसरी, आपल्या तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीत कोणती आस्थापने शिकाऊ उमेदवार घेतात आणि कलम ३-अ प्रमाणे राखीव जागा भरल्या जातात का, याची माहिती अधिकारात विचारणा करणे. जिल्ह्याच्या आयटीआयशी जोडलेल्या शिकाऊ उमेदवारी केंद्रातून सुरुवात करता येईल.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगतो. गरज असेल तर काम करा, पण त्याचे तास तुम्ही ठरवा. पदवी हातात येईपर्यंत किमान एक इंटर्नशिप अशी करा, जिच्यातले काम कोणालाही दाखवता येईल. त्यासाठी दोन महिन्यांचे पैसे कमी पडत असतील, तर गप्प बसून संधी सोडू नका. जवळच्या विहारात, अभ्यासिकेत किंवा कार्यकर्त्याकडे जाऊन हिशेबाचा कागद पुढे ठेवा.